मैफल एका रात्रीची, शिकवणी पिढ्यांची

ओमान देशाच्या समुद्रकाठी सूर नावाचे एक जुने बंदर आहे. अरबी भाषेतल्या त्या नावाचा आपल्या गाण्यातल्या सुराशी काही संबंध नाही, तरी मराठी कानाला ते नाव गोड लागते. लाकडी गलबते बांधणारे हे बंदर. येथली गलबते एके काळी हिंदुस्थानचा पश्चिम किनारा आणि पूर्व आफ्रिका यांच्यामध्ये ये-जा करीत. परंतु आज आम्हाला बोलायचे आहे ते गलबतांविषयी नव्हे, तर खऱ्याखुऱ्या सुरांविषयी. गाणे शिकलेल्या माणसाने पोट कसे भरावे, आणि समाजाने त्याच्याकडून नेमके काय घ्यावे, हा आमचा प्रश्न आहे. या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे त्या एकाच देशात पाहायला मिळतात, म्हणून ओमानची आठवण.

आपल्या वाचकांना ओमान फार परका वाटू नये. आपल्या बेटाचे आणि मस्कतचे घड्याळ एकच वेळ दाखवते. हिंदुस्थानशी त्या देशाचा व्यापार शतकानुशतकांचा आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या, त्या ओमानात १९७० पर्यंत चलनात होत्या. त्याच १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले. त्या वेळी साऱ्या देशात सरकारी रीतीच्या शाळा होत्या अवघ्या तीन. तेलाचा पैसा नुकता हाती येऊ लागला होता. रस्ते, दवाखाने, शाळा, सगळेच करायचे होते.

अशा देशाने १९८५ साली पाश्चात्य पद्धतीचा एक वाद्यवृंद उभारायला घेतला. व्हायोलिन म्हणजे काय हे ज्यांच्या घरात कोणी पाहिले नव्हते, अशी मुले निवडली. परदेशांतून शिक्षक आणले. मुलांचे नेहमीचे शालेय शिक्षण आणि संगीताचे शिक्षण एकत्र चालवले. दोन वर्षांनी, १९८७ साली, त्या मुलांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. पुढे मुलीही त्यात आल्या. मस्कतचे मोठे ऑपेरागृह उघडले ते २०११ साली. म्हणजे आधी वादक तयार केले, आणि भव्य इमारत त्यानंतर सव्वीस वर्षांनी बांधली. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. बहुतेक ठिकाणी आधी सभागृह बांधतात, फीत कापतात, आणि मग त्यात गाणार कोण म्हणून शोधत बसतात.

त्या देशाजवळ पैसा होता. तयार वादक परदेशातून पगारावर आणून बसवणे त्याला अवघड नव्हते. शिक्षक बाहेरचे आणले, पण शिष्य मात्र घरचे ठेवले, यात आम्हाला शहाणपण दिसते. शिवाय परक्यांचे संगीत शिकताना त्यांनी आपले विसरले असेही झाले नाही. १९८३ सालीच त्यांनी आपल्या पारंपरिक संगीताचे केंद्र काढले होते. खलाशांची गाणी, वाळवंटातली गाणी, लग्नातली आणि सणातली गाणी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम या केंद्राने केले.

आता त्याच देशातले दुसरे चित्र पाहा. मस्कतमध्ये हजारो भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठीही आहेत. भारतीय शाळा आहेत, मंडळे आहेत, गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम होतात. अशा परदेशी वसाहतीत एखादी गाणे शिकलेली बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे येऊन राहते. मायदेशी तिने दहा-बारा वर्षे गुरूपुढे बसून मेहनत केलेली असते, परीक्षा दिलेल्या असतात, लहानमोठ्या मैफली केलेल्या असतात. येथे ती घरातल्या बैठकीच्या खोलीत सतरंजी घालते, तंबोऱ्याचे यंत्र लावते, आणि शेजारपाजारची पाच-दहा मुले सा लावायला बसतात. सुट्टीच्या दिवशी वर्ग भरतो. दोन वर्षांत मुले भूप, दुर्गा, काफी ओळखू लागतात. मग एक दिवस नवऱ्याची नोकरी संपते. परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. सतरंजी गुंडाळली जाते, आणि वर्ग संपतो. मुलांचेही तेच. ज्याचा गळा नुकता तयार होऊ लागला, त्याचे वडील दुसऱ्या देशी बदलून जातात.

यात दोष कोणाचाच नाही. ती वस्तीच तात्पुरती आहे. पण एकाच शहरात एका बाजूला चिकाटीने स्वतःची मुले घडवणारा वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूला दर दोन-तीन वर्षांनी मोडणारा गाण्याचा वर्ग, हे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. गाणे टिकते ते प्रतिभेवर जितके, तितकेच स्थैर्यावर. शिक्षक एका जागी राहिला पाहिजे, शिष्य एका जागी राहिला पाहिजे, आणि दोघांच्या पोटाची व्यवस्था कोणीतरी केली पाहिजे.

ही गोष्ट मराठी माणसाला ओमानने शिकवावी असेही नाही. ती आपल्याच एका थोर गवयाने शंभरावर वर्षांपूर्वी ओळखली होती. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी दारूकाम उडवताना डोळ्यांना इजा झाली, शिक्षण थांबले, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला राहिले. पुढे ते नामांकित गवई झाले. राजेरजवाड्यांच्या पदरी सुखाने राहता आले असते. ते त्यांनी केले नाही. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, आणि १९०८ साली मुंबईस. फी, वेळापत्रक, पुस्तके, परीक्षा अशी शाळेची रीत त्यांनी गाण्याला लावली. पण त्यांचे खरे मोठे काम निराळेच होते. काही निवडक मुलांना आपल्याजवळ ठेवून, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करून, त्यांनी कित्येक वर्षे शिकवले, आणि शिकून तयार झाल्यावर त्यांनी गावोगाव जाऊन शिकवावे अशी व्यवस्था केली. म्हणजे त्यांनी केवळ गवई घडवले नाहीत, तर गाण्याचे शिक्षक घडवले.

हे सारे कशावर चालले? बुवांच्या मैफलींच्या बिदागीवर. बुवा गावोगाव गात, आणि मिळालेले पैसे विद्यालयात ओतत. मैफल थकली की विद्यालय थकत असे. शेवटी कर्ज झाले, आणि १९२४ च्या सुमारास मुंबईची इमारत लिलावात गेली. गवयाने कमावले ते शाळेने खाल्ले, आणि तरीही पुरले नाही. टाळ्या वाजवणारा समाज होता, इमारत वाचवणारा समाज नव्हता. परंतु माणसे उरली. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सारी त्याच पंगतीतली. १९३१ साली पलुसकर वारले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापिले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ते हेच. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा आजही हजारो मुले देतात. इमारत गेली, शिकवणी राहिली.

त्यांच्या शिष्यांपैकी देवधरांनी मुंबईत ऑपेरा हाउसजवळ आपली संगीतशाळा चालवली. बेळगावकडचा एक लहान मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांच्याकडे शिकायला आला. त्याचे गाणे ऐकून लोक आधीच थक्क झाले होते, त्याला गंधर्व ही पदवीही मिळाली होती. हेच कुमार गंधर्व. ज्याच्या गळ्यात जन्मतःच एवढे होते, त्यालाही शिक्षकाजवळ वर्षानुवर्षे राहावे लागले. मग आपल्या मुलाने तीन महिन्यांत रंगमंचावर गावे, अशी पालकांची घाई कशाला? पी हळद अन् हो गोरी, असे गाण्यात होत नाही.

अलीकडच्या काळातले उदाहरण डॉ. प्रभा अत्रे यांचे. १३ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात जन्म. आईवडील शिक्षण क्षेत्रातले, घरात गाण्याची परंपरा नव्हती. विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदव्या त्यांनी घेतल्या. गाणे शिकल्या किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याजवळ. वकिली करता आली असती, पण गाणे धरले. आकाशवाणीत नोकरी केली, देशोदेशी मैफली केल्या, सरगम या विषयावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. १९७९ ते १९९२ या काळात त्या मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. पुढे पुण्यात स्वरमयी गुरुकुल उभारले. पुस्तके लिहिली, बंदिशी बांधल्या. पद्मश्री, पद्मभूषण आणि २०२२ साली पद्मविभूषण, असे तिन्ही मान त्यांना मिळाले. १३ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या वारल्या.

या बाईंच्या आयुष्यातून आम्ही काय घ्यावे? त्यांनी गाणे आणि शिकवणे यांत निवड केली नाही. आपल्याकडे एक समजूत आहे की ज्याला मैफल जमत नाही तो शिकवण्या करतो. ही समजूत खोटी आहे. उपसा नसलेल्या विहिरीचे पाणी खराब होते, तसे शिकवणे नसलेल्या गवयाचे गाणे आपल्याच ताना घोळत राहते. उलट, जो शिक्षक स्वतः गाणे सोडतो, त्याची शिकवणी पुस्तकी होते. दोन्ही हातांनी काम करणारा कलावंतच पुढची पिढी घडवतो. अत्रेबाईंना हे साधले, कारण आकाशवाणी आणि विद्यापीठ यांनी त्यांना पगार दिला. पलुसकरांना तो आधार नव्हता, म्हणून इमारत गेली. फरक प्रतिभेचा नव्हे, आधाराचा आहे.

आता आपल्या बेटाकडे येऊ. मस्कतच्या मराठी कुटुंबासारखी आपली स्थिती नाही. आपले पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून आले आणि येथलेच झाले. आपल्याला परवान्याची मुदत नाही. कोणी नोकरी गेली म्हणून आपली सतरंजी गुंडाळायला लावणार नाही. मोका येथे १९७० साली स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था आहे, तेथे हिंदुस्थानी कंठसंगीत रीतसर शिकवले जाते. म्हणजे ओमानी मुलांना जे स्थैर्य राज्याने मुद्दाम निर्माण करून दिले, ते आपल्याला बऱ्याच अंशी घरबसल्या मिळालेले आहे. मग गावोगावच्या आपल्या मंडळांत गाणे शिकवणारे माणूस का सापडत नाही?

आमचे उत्तर कडू आहे, पण सांगतो. गाणे शिकून आलेल्या मुलाला किंवा मुलीला आपला समाज काय देतो? गणेश चतुर्थीला बोलावतो, दोन भजने गायला लावतो, शाल घालतो, नारळ देतो, आणि फोटो काढतो. त्याच मांडवाच्या ध्वनिवर्धकवाल्याला मात्र ठरलेले पैसे मिळतात. लग्नात ढोल-बँडची रक्कम आधी ठरते, आणि गाणाऱ्याला सांगतात, आपलाच कार्यक्रम आहे, या ना. आठ-दहा वर्षांची मेहनत ‘आपलेपणा’च्या नावाखाली फुकट मागितली जाते. अशा मुलाने शेवटी बँकेत किंवा हॉटेलात नोकरी धरली आणि तंबोरा कोपऱ्यात ठेवला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

कोणी म्हणतील, आता फोनवर सगळे शिकता येते, शिक्षक हवाच कशाला? आम्ही त्या साधनाच्या विरोधात नाही. पुण्याचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास असते, तेव्हा आपल्या संध्याकाळी साडेपाचला तेथल्या गुरूचा सातचा वर्ग सहज भरू शकतो. ज्याला चांगला गुरू मिळेल त्याने जरूर शिकावे. पण त्या शिकण्याची मर्यादा ओळखावी. आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत, तबला बरोबर चालत नाही. आणि ध्वनिमुद्रित धड्याला तर कानच नसतात. मुलगा खांदे उचलून श्वास घेतो आहे, मुलगी आकार लावताना जबडा आवळते आहे, हे त्याला कसे कळावे? प्रत्येक गळ्याचा षड्ज निराळा असतो. वीस मुलांना एकाच पट्टीत गायला लावले, तर काहींचा गळा ताणला जातो आणि काहींचा आवाज खाली दबतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो, त्या काळात त्याला जपावे लागते, नाहीतर कायमचा बिघाड होऊ शकतो. हे ओळखणारे माणूस त्या खोलीत हजर असावे लागते.

दुसरे कोणी म्हणतील, शास्त्रीय गाणे हे थोड्यांचे, आपली झाकरी, आपली भजने हेच आपले. त्यांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. म्हणूनच ओमानने वाद्यवृंदाआधी लोकसंगीताचे केंद्र काढले, हे आम्ही मुद्दाम सांगितले. आपल्याच बेटावर भोजपुरी भगिनींनी आपल्या गीत-गवईच्या शाळा चालवल्या, आणि २०१६ साली त्या परंपरेला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. आपली झाकरी कोकणच्या जाखडीची बहीण. ती ज्यांना पाठ आहे अशी वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. गाणे शिकलेला तरुण त्यांच्याजवळ बसला, तर चाल आणि ठेका दोन्ही नीट टिपून ठेवील. म्हणजे शिकलेला गवई हा झाकरीचा शत्रू नव्हे, तिचा राखणदार आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. प्रत्येक मंडळाने वर्षाच्या खर्चात गाण्याच्या शिक्षकाचे मानधन हा वेगळा आकडा लिहावा, आणि तो मांडवाच्या रोषणाईच्या आकड्याआधी लिहावा. एका मंडळाला झेपत नसेल, तर शेजारच्या तीन गावांनी मिळून एक शिक्षक ठेवावा, आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. गाणाऱ्याला बोलावताना शालीबरोबर पाकीट द्यावे, आणि रक्कम आधी सांगावी. मागताना गाणारा लाजतो, तेव्हा देणाऱ्याने तरी लाजू नये. पालकांनी फी वेळेवर द्यावी, आणि निदान पाच वर्षे मुलाला वर्गातून काढू नये. परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड गाण्यावर पडते, ती पडू देऊ नये. अर्धा तास रियाज केल्याने कोणी नापास होत नाही. आणि ज्या मुलाचा गळा खरोखर चांगला आहे, पण घरची स्थिती बेताची आहे, असे एक तरी मूल दरवर्षी समाजाने आपल्या खर्चाने शिकवावे. अट एकच घालावी, की शिकून झाल्यावर त्याने काही वर्षे आपल्या गावात शिकवावे. पलुसकरांनी लाहोरला आणि मुंबईला हेच केले, आणि त्या रोपाची फळे महाराष्ट्र अजून खातो आहे.

ओमानजवळ तेल होते, आपल्याजवळ नाही, असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. पहिल्या कार्यक्रमाआधी त्या मुलांना जी दोन वर्षे शांतपणे शिकू दिले, त्या धीराला तेल लागत नाही. आपले आजे-पणजे बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात पैसा नव्हता, पण गळ्यात चाली होत्या. त्या त्यांनी उसाच्या मळ्यांत राबून, रात्री जागून, फुकट शिकवून पुढे दिल्या. आपल्याला तेवढे राबायचे नाही. फक्त जो शिकवू शकतो, त्याला शिकवत राहता येईल एवढी सोय करायची आहे. येत्या गणेश चतुर्थीच्या बैठकीत जमाखर्च मांडला जाईल, तेव्हा हा आकडा कोणीतरी उभे राहून विचारावा, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.